मुरगळलेल्या पायासाठी बर्फ

माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा आम्ही नाशिक रोडला एका तीन मजली इमारतीत भाड्यानं राहत होतो. मजल्यावर चार बिऱ्हाडं, पुढे सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी, आणि दोन घरांमध्ये अशी भिंत की पलीकडे कुणी शिंकलं तरी कळायचं. नवरा प्रेसमध्ये नोकरीला होता. मी नाशिकला एका वकिलांकडे टायपिंग करायचे. सासूबाई आमच्याजवळच असायच्या. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. घरात टीव्ही होता, मिक्सर होता, फ्रिज नव्हता. त्याची कधी गरज वाटली नव्हती. माठ होता, आणि तीन माणसांना पुरेल एवढंच शिजवायचं अशी सासूबाईंची पद्धत होती.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी वणीला गेले. आई-वडिलांचं गडाच्या रस्त्याला नारळ आणि ओटीच्या सामानाचं दुकान. चैत्रातली यात्रा जवळ आली होती आणि घरात नारळांच्या गोण्यांमधून वाट काढत चालावं लागत होतं. एका सकाळी माझ्या लक्षात आलं की काल रात्रीपासून बाळ हललेलं नाही. आईनं साखरेचं पाणी दिलं, डाव्या कुशीवर निजवलं. दुपारी तिथल्या डॉक्टरांनी पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग नळी जागा बदलून पुन्हा लावली, आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाले की नाशिकला न्या, आत्ताच न्या.

जीपमध्ये पुढच्या सीटवर मला बसवलं होतं. आई मागे. सगळ्या वाटेनं समोरून गडाकडे जाणारी माणसं येत होती, झेंडे घेतलेली, गाणी म्हणणारी. मी पोटावर हात ठेवून बसले होते आणि मला कळलं होतं.

हॉस्पिटलमध्ये कळा आणण्यासाठी सलाइन लावलं. सगळं झालं त्यानंतर मला बाळ दाखवलं नाही. मीही मागितलं नाही. मुलगा होता हे मला दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं सांगितलं, तेही मी विचारल्यावर. तोवर तो आणि त्याचे एक मित्र जाऊन आले होते. कुठे, ते त्यानं सांगितलं नाही, आणि त्याच्या चपलांना लागलेली ओली माती बघून मी पुढे विचारलं नाही.

वॉर्ड बाळंतिणींचा होता. मला वेगळी खोली कुठून असणार. शेजारच्या खाटेवर सुरगाण्याकडची एक पोरगी होती, तिच्याजवळ तिची आजी बसलेली असे. म्हातारी मायाळू होती. तिनं पहिल्याच दिवशी मला विचारलं की तुझं लेकरू कुठंय. मी म्हणाले, काचेत ठेवलंय. का म्हणाले ते आजही सांगता यायचं नाही. तोंडातून निघून गेलं. मग ती दर थोड्या वेळानं विचारू लागली, "नाय आणलं का अजून?" आणि मी मान हलवायची. तिसऱ्या वेळी तिनं आपल्या पणतूसाठी आणलेल्या काळ्या दोऱ्यातला एक तुकडा तोडून माझ्या हातात दिला, बाळ बाहेर आलं की बांध म्हणून. मी तो घेतला. तेवढ्यात आई बाहेरून आली आणि म्हातारीच्या बोलण्यावरून तिला सगळं समजलं. पदर तोंडाला लावून व्हरांड्यात गेली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाळ गेल्याचं दुःख तेव्हा कुठेतरी लांब होतं. जवळ होती ती फक्त लाज. सगळ्या जगाला जे जमतं ते मला जमलं नाही याची, आणि आता खोटं बोलताना पकडले गेल्याची.

हॉस्पिटलमधून सुटले तेव्हा कुठे जायचं हा प्रश्न आला. वणीला यात्रा सुरू झाली होती, वडील दुकानात एकटे. आई म्हणत होती चल. पण मी म्हणाले की मी नाशिक रोडलाच जाते. आईच्या डोळ्यांतलं पाणी बघायची ताकद माझ्यात नव्हती. तिनं माझ्यासाठी डिंकाचे लाडू करून ठेवले होते, डबाभर. त्या डब्याचं पुढे काय झालं ते मी तिला कधी विचारलं नाही.

घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती छातीत दगड भरल्यासारखी. आधी वाटलं घाम आलाय. एप्रिलचा महिना, पंखा गरम वारा फेकत होता. उठून मोरीत गेले, ब्लाउज बघितला आणि तिथेच खाली बसले.

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाळ नसलं तरी दूध येतं हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या अंगाला कुणी कळवलं नव्हतं की आता गरज नाही. मला वाटलं माझ्यातच काहीतरी विपरीत आहे. दोन ब्लाउज मी लपवून धुतले आणि गॅलरीच्या दोरीवर टॉवेलाखाली वाळत घातले. सासूबाईंना कळू नये म्हणून उन्हाळ्यात अंगावर चादर घेऊन बसू लागले. त्या विचारायच्या, थंडी वाजतेय का. मी हो म्हणायची.

आणि शेजारी बाळ होतं. भिंतीपलीकडच्या काकूंची मुलगी बाळंतपणाला आली होती, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तिला माझ्या आधी थोडेच दिवस मुलगी झाली होती. ती तान्ही रडली की भिंतीतून स्पष्ट ऐकू यायचं. आणि ती रडली की माझं दूध वाहायचं. मी कानात बोटं घालून बसले तरी वाहायचं. दुसऱ्याच्या बाळाच्या रडण्याला माझं अंग असं ओ देत होतं याची मला इतकी लाज वाटायची की त्या वेळी मी नवऱ्याकडेही बघायची नाही.

त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत हात वर उचलता येईना. काखेपर्यंत गाठी झाल्या, ताप चढला. चादर काढायला लागली तेव्हा सासूबाईंनी बघितलं. त्या बाहेर जाऊन मुलाला म्हणाल्या की हिला डॉक्टरकडे घेऊन जा.

ज्या बाईंनी माझं सगळं केलं होतं त्याच डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दूध आटायच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी मला अशा चकरा आणि उलट्या सुरू झाल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. मग त्या म्हणाल्या, गोळ्या बंद. घट्ट बांधा, आणि बर्फाच्या घड्या ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा, थोडा थोडा वेळ, मधे फडकं घालून. शेक अजिबात नाही, गरम पाणी छातीवर नाही, पिळायचं नाही. फारच असह्य झालं तर थोडंसं, जीव हलका होईल एवढंच. हळूहळू आटेल. नवरा शेजारच्या खुर्चीत बसून जमिनीकडे बघत हे सगळं ऐकत होता. त्याचे कान लाल झाले होते.

घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. सासूबाई सिन्नरकडच्या खेड्यातल्या. त्यांच्या हिशेबात बाळंतपण म्हणजे ऊब. शेगडी, शेक, कडकडीत पाणी, कानाला फडकं, वारा लागू द्यायचा नाही. त्या म्हणाल्या, "गार? बाळंतिणीला कुणी गार लावतं का?"

आणि मग त्या थांबल्या. कारण बाळंतीण हा शब्द माझ्यासाठी तोवर घरात कुणी वापरला नव्हता. मला शेगडी दिली नव्हती, अंगाला तेल लावलं नव्हतं, धुरी दिली नव्हती. मी बाळंतीण आहे की नाही हेच कुणाला ठरवता आलं नव्हतं. मी आजारी होते एवढंच. तो शब्द त्यांच्या तोंडून चुकून निघाला आणि आम्ही तिघं त्या छोट्या खोलीत एकमेकांकडे न बघता उभे राहिलो.

मग सासूबाईंनी स्टीलचं एक पातेलं घेतलं आणि शेजारी गेल्या. मजल्यावर फ्रिज काकूंकडेच होता. पाच मिनिटांत बर्फाचे तुकडे घेऊन आल्या, दार लावलं, कडी घातली आणि दबक्या आवाजात मुलाला म्हणाल्या, "तुझा पाय मुरगळला म्हणून सांगितलंय. ध्यानात ठेव."

तो म्हणाला, "कुठला पाय?"

सासूबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "उजवा."

त्या पहिल्या घडीची मला अजून आठवण आहे. सासूबाईंनी जुन्या धोतराचं फडकं फाडलं, त्यात बर्फ गुंडाळला, खिडकीचा पडदा ओढला आणि माझ्याकडे पाठ करून हात मागे करून ती पुरचुंडी मला दिली. मी लावली आणि माझा श्वास अडकला. कुणीतरी चावल्यासारखं झालं. मग आग झाली, मग काहीच कळेना, आणि त्या न कळण्यात हळूहळू दुखणं मागे सरकत गेलं. इतकं बरं वाटलं की मी रडले. बाळ गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले ती बरं वाटलं म्हणून, आणि त्याचीही लाज वाटली. ज्या दुधावर त्याचा हक्क होता ते मी बर्फ लावून मारत होते आणि मला सुख वाटत होतं. सासूबाई तशाच पाठमोऱ्या बसून राहिल्या. फडक्यातून पाणी गळून चटई ओली झाली.

दुसऱ्या दिवशीपर्यंत त्या पाठमोऱ्या बसायच्या बंद झाल्या. माझा हात फार वेळ वर धरवायचा नाही, घडी जागेवर राहायची नाही. मग त्याच येऊन धरू लागल्या. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कॅलेंडरवर. घडी काढली की त्यांच्या नऊवारीचा एक पट्टा काढून ठेवला होता तो माझ्याभोवती घट्ट आवळायच्या, आणि आवळताना विचारायच्या, "लय दुखतंय का?" मी नाही म्हणायची. बर्फ संपला आणि परत मागायला जायला लवकर वाटलं की माठातल्या पाण्यात फडकं भिजवून ठेवायच्या. त्यांच्या बोटांची टोकं पांढरी पडायची. मला सांगायचं होतं की आई, तुम्हाला त्रास नको, मी करते. पण त्यांच्या हातात असताना मला कमी लाज वाटायची. ती माझी एकटीची गोष्ट राहायची नाही.

इकडे नवरा लंगडू लागला. तो सरळ माणूस, खोटं बोलता न येणारा. आईनं सांगितलंय म्हणजे करायचं. गॅलरीतून जाताना, जिना उतरताना, स्कूटरला किक मारताना तो तोंड कसनुसं करून उजवा पाय ओढायचा. आमच्याच इमारतीत राहणारे एकजण त्याच्याबरोबर कामाला होते, म्हणून तिथेही लंगडणं भाग पडलं. काकूंच्या यजमानांना वाईट वाटलं. त्यांनी एक तेल आणून दिलं आणि गॅलरीत खुर्ची टाकून ते स्वतः त्याच्या घोट्याला चोळू लागले. तो बिचारा न दुखणारा पाय त्यांच्या मांडीवर ठेवून मधे मधे हाय-हुय करत बसला. मी दाराच्या फटीतून बघत होते. चोळून झाल्यावर तो उठला आणि घरात येताना डाव्या पायानं लंगडत आला.

मी हसले. तोंडावर हात दाबला तरी हसू थांबेना. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, त्यांचेही ओठ हलले. मग बाळाला जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं असावं. त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी चादरीत तोंड घातलं.

असे काही दिवस गेले आणि माझं दुखणं उताराला लागलं. गाठी मऊ झाल्या, ताप गेला. शेजारचं बाळ रडलं तरी नुसती कळ येऊन जायची. आणि त्याच सुमाराला भिंतीपलीकडून दुसरा आवाज येऊ लागला. काकूंची मुलगी कण्हत होती. गॅलरीतल्या बोलण्यातून कळलं की तिच्या एका बाजूला गाठ आली आहे, लालबुंद झालंय, अंगात ताप आहे, बाळाला पाजताना ती किंचाळते, म्हणून त्या बाजूला पाजणं बंद केलंय. शेक चालला होता. तव्यावर फडकं गरम करून, रबरी पिशवीनं, विटेच्या तुकड्यानं. प्रत्येक शेकानंतर ती जास्त कण्हायची.

मला माहीत होतं तिला काय होतंय. त्या मजल्यावर ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि मला हेही माहीत होतं की तिच्या घरातल्या फ्रिजमध्ये बर्फ आहे, जो रोज माझ्यासाठी बाहेर निघत होता. पण जाऊन सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. पाय, घोटा, लंगडणं. आणि माझी छाती. मी सासूबाईंना म्हणाले, त्यांना सांगायला हवं.

त्या म्हणाल्या, "आपण नको. बाळंतिणीच्या खोलीत तू नको जाऊस. काय झालं न् झालं तर आपल्यावर यील."

त्यांचं चूक नव्हतं. मूल गेलेल्या बाईनं दुसरीच्या बाळाजवळ जाऊ नये, हे मलाही कुणी शिकवायला नको होतं. ती दुपार आणि ती संध्याकाळ मी भिंतीला टेकून बसून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडची मुलगी लहान पोरीसारखी "आई गं, आता शेक नको" म्हणून रडायला लागली, तेव्हा मी उठले. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी बघितलं, पण अडवलं नाही.

काकूंचं दार उघडंच होतं. आतून धुरीचा, ओव्याचा वास येत होता. काकू हातात तवा घेऊन बाहेरच्या खोलीत उभ्या होत्या. मला बघून त्या थबकल्या. एक पाऊल बाजूला सरकल्या, आणि त्यांच्या त्या सरकण्यानं आतल्या खोलीचं दार झाकलं गेलं. मुद्दाम केलं असं नाही म्हणणार मी. पण झालं तसं. मी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले आणि काही बोलायच्या आत माझे कान तापले.

"काकू," मी म्हणाले, "बर्फ माझ्यासाठी होता. यांचा पाय चांगला आहे. मला दूध आलं होतं."

काकूंनी तवा खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी तुझे ब्लाउज दिसले दोरीवर. मी तुझ्या सासूला विचारणार होते, पण तिनं पायाचं सांगितलं. मग म्हटलं, असू दे."

मला जमिनीत जावंसं वाटलं. म्हणजे घोट्याला तेल चोळत होते ते काका? त्यांनाही ठाऊक होतं का, हे मी विचारू शकले नाही. काकू पुढे म्हणाल्या, "आम्हीसुद्धा लंगोट गच्चीवर वाळत घालतो. इथं दोरीवर तुला दिसायला नकोत म्हणून."

दोन्ही घरं एकमेकांपासून फडकी लपवत होती. मी त्यांना डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. माझी गोष्ट वेगळी, हिची वेगळी, हेही सांगितलं. मला आटवायचं होतं, हिला पाजायचं आहे. मग त्याच म्हणाल्या की तुझ्या डॉक्टरीणबाईंनाच विचारते, आणि समोरच्या दुकानातून फोन करून आल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पाजणं बंद करू नका, दुखऱ्या बाजूनंही पाजा, पाजून झालं की बर्फाची घडी ठेवा, शेक थांबवा, आणि ताप आहे तेव्हा आजच घेऊन या. काकू परत आल्या आणि मला म्हणाल्या, "आत ये. घडी कशी ठेवायची ते दाखव."

आतली मुलगी डोक्याला फडकं बांधून, घामानं भिजून पडली होती. बाळ तिच्या कुशीत होतं. मी बाळाकडे बघायचं नाही असं ठरवून आत गेले. फडक्याच्या किती घड्या घालायच्या, बर्फ थेट कातडीला लागू द्यायचा नाही, एका जागी फार वेळ धरायचं नाही, हे दाखवलं. पहिल्यांदा टेकवलं तेव्हा तिनं माझं मनगट पकडलं. "आता आग होईल," मी तिला म्हणाले, "मग बरं वाटेल." आणि तसंच झालं. तिचे डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर ते उतरत गेलेलं दुखणं मी बघत होते. माझा स्वतःचा चेहरा मी कधी बघितला नव्हता.

थोड्या वेळानं डोळे उघडून ती म्हणाली, "वहिनी, हिला जरा घेता का? मला कुशीवर व्हायचंय." आणि तिनं बाळ माझ्याकडे केलं.

मी हात पुढे केले. त्याच क्षणी काकूंनी पटकन वाकून बाळ उचललं. इतकं चटकन की बाळ दचकून रडलं. काकूंच्या तोंडावर लगेच पश्चात्ताप दिसला. त्या म्हणाल्या, तुझे हात गार आहेत ना बर्फानं, म्हणून. मी हो म्हणाले. माझे हात खरंच गार होते. मी ते पदराला पुसले आणि तिथून उठले. बाळ रडत होतं, आणि माझा पट्टा, जो दोन दिवस कोरडा होता, ओला झाला.

घरी आल्यावर सासूबाईंनी पट्टा सोडला, दुसरा बांधला. त्या मुलीला संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं, औषधं मिळाली, पू झाला नाही, आणि आठवड्याभरात ती दोन्ही बाजूंनी पाजू लागली. बारशाला काकू बोलावायला आल्या. सासूबाईंना हळद-कुंकू लावलं, मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, "तू पण ये," म्हणाल्या. मी गेले नाही. सासूबाई एकट्याच जाऊन आल्या आणि माझ्यासाठी द्रोणात घुगऱ्या घेऊन आल्या. मी त्या खाल्ल्या.

नवरा त्या दिवसापासून सरळ चालू लागला. जिन्यात कुणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला, बर्फानं बरा झाला. तो ते इतक्या गंभीरपणे म्हणाला की पुढे वर्षभर इमारतीत कुणाला काही लागलं की लोक त्याच्याकडे सल्ला मागायला यायचे.

मे संपता संपता मी कामावर गेले. बसमध्ये, ऑफिसात, मी पावसाळाभर पदर दोन्ही खांद्यांवरून घेत राहिले. टाइप करताना तो सारखा मशीनवर यायचा. वकीलसाहेब एकदा म्हणाले की पिन लावा हो त्याला. दूध केव्हाच आटलं होतं. पण मला वाटायचं की कुठेही, कुणाचंही बाळ रडेल आणि सगळ्यांसमोर ते पुन्हा येईल. नाशिक रोडच्या स्टॉपवर कडेवर तान्हं घेतलेली बाई दिसली की मी पुढची बस घ्यायची.

तीन वर्षांनी आम्ही ते घर सोडलं, नाशिकच्या दुसऱ्या टोकाला गेलो. मग मला पुन्हा दिवस गेले. त्या नऊ महिन्यांत नव्या शेजारणी, ऑफिसात नव्यानं आलेल्या मुली, जी कुणी विचारी की पहिलंच ना, तिला मी हो म्हणायची. सोपं होतं. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, आणि त्या प्रश्नाचं उत्तर देताना माझी मान खाली जायची. घरातही तो विषय कधी निघाला नाही. नवरा आणि मी त्याच्याबद्दल एकदाही बोललो नव्हतो. सासूबाईंशी तर नाहीच.

मुलगी झाली. चांगली, रडकी, वजनाला भरपूर. तिसऱ्या दिवशी दूध आलं. तेच दगड, तोच ओला ब्लाउज, आणि या वेळी कुशीत तोंड हलवणारं बाळ. सगळे हसत होते. आणि मला पहिल्यासारखीच लाज वाटली. वाटलं की मी कुणाचं तरी तिला देते आहे. ती प्यायली आणि मी तिच्याकडे न बघता खिडकीकडे बघत राहिले.

नवी नर्स आली होती. तिनं मला पाजताना पाहिलं, जरा नीट धरायला सांगितलं, आणि सहज विचारलं, "पहिलंच का?"

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. सासूबाई खुर्चीत बसून झबल्याच्या गाठी सोडवत होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "दुसरं."

"मग मोठं घरी?" नर्सनं विचारलं.

"मोठा नाय," सासूबाई म्हणाल्या. "मोठा गेला."

नर्सनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेली. सासूबाई गाठ सोडवत राहिल्या. त्यांना ती सुटेना, म्हणून त्यांनी झबलं तोंडाजवळ नेऊन दातानं सोडवायला घेतलं. माझी मान खाली होती. खाली मुलगी होती, आणि ती पीत होती.